हिरव्या थाई करीचं सगळं अंगणात: खा कुजतंय, मक्रूत चुरडतंय, वाटण कडू होतंय

नदीकाठ_नोंथाबुरी

नमस्कार मंडळी. बँकॉकला लागून नोंथाबुरीत घरामागे साधारण १२ बाय १० फूट मोकळी जागा आहे. माती चिकण, पावसात पाय रुततो, एप्रिलमध्ये बोटभर भेगा. हिरव्या करीला लागणारं जेवढं जमेल तेवढं रासायनिक खत-औषध न वापरता इथेच पिकवायचं आहे. घर शाकाहारी.

खा, म्हणजे आपलं कुलंजन, मे महिन्यात लावलं. सप्टेंबरात पानं पिवळी पडली आणि खोडं नुसती ओढली तरी हातात आली. बुडाशी कंद मऊ, घाण वास. मक्रूत, म्हणजे सुवासिक पानांचं खडबडीत सालीचं थाई लिंबू, त्याच्या कोवळ्या पालवीवर नागमोडी रुपेरी रेघा उठतात, मग पानं आक्रसतात. गवती चहा माजलाय, पण दांडे पेन्सिलीएवढे. होरफा, म्हणजे जांभळ्या दांड्याची थाई तुळस, दोन महिन्यांत तुऱ्यावर येऊन लाकूड होते. कोथिंबीर टिकत नाही.

एवढ्यावर बाकीचं बाजारातून आणून वाटलं, तर वाटण कडवट आणि शेवाळी-तपकिरी. खोक्यातलं नारळाचं दूध कितीही आटवलं तरी तेल सोडत नाही. कुठे चुकतंय?

वाफा_आणि_पाट

तुमच्याच भागात याच चिकण मातीत पिढ्यान्‌पिढ्या ड्युरियन पिकलंय, पण सपाट जमिनीवर नाही. तिथली पद्धत 'रोंग सुअन': पाट खणायचा, निघालेली माती शेजारी रचून उंच वरंबा करायचा, झाड वरंब्यावर आणि पाणी पाटात. २०११ च्या पुरात त्यातल्या कितीतरी बागा मेल्या, कारण पाणी वरंब्यावरही चढलं आणि उतरेना. मुळं पाण्यात गुदमरली की खेळ संपला, हे या मातीचं पहिलं सूत्र.

तुमच्या जागेत ३ फूट रुंदीचे दोन वरंबे बसतील, मधे दीड-दोन फुटांचा पाट, उतार बाहेरच्या गटाराकडे. उंची निदान ४० सेंमी. वरच्या वीतभर थरात दर चौरस मीटरला २० लिटरची एक बादली कुजलेलं शेणखत आणि एक बादली 'क्लॅप दम', म्हणजे भाताच्या तुसाचा कोळसा. ताजा कोळसा अल्कधर्मी असतो, म्हणून दोन-तीनदा पाणी ओतून धुऊन घ्या. अर्धी बादली कॉयर, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालणार असाल तर तेही भिजवून पाणी बदलून घ्या, नाहीतर त्यातला क्षार मुळांना लागतो. वाळू मात्र घालू नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की वाळल्यावर वीट होते.

आता कंदकुज. आधी ती बुरशीची आहे की जीवाणूची ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या खोडाचा बुडाकडचा तुकडा धारदार सुरीने कापा आणि कापलेलं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टेकवून ठेवा. ग्लास हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधासारखे बारीक धागे खाली उतरताना दिसले तर जीवाणूजन्य मर. धागे नसतील तर बहुधा पाणी साचून आलेली बुरशीची कुज.

बुरशी असेल तर उंच वरंबा आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पुरे. इथे ती ताजी मिळते. प्रमाण १ भाग ट्रायकोडर्मा, ४ भाग तांदळाचा कोंडा, १०० भाग शेणखत. घरगुती हिशेब १०० ग्रॅम, ४०० ग्रॅम, १० किलो. सावलीत मिसळा आणि लगेच मातीत घाला. उन्हात ठेवलंत तर ट्रायकोडर्मा मरते. लावताना २-३ कोंब असलेला कंदाचा तुकडा, कापलेल्या बाजूला राख, दोन दिवस सावलीत सुकवून, ५-७ सेंमी खोल, अडीच फुटांवर. सडका कंद खताच्या खड्ड्यात टाकू नका.

मक्रूतवर नागअळी आहे. तिचा पतंग फक्त कोवळ्या पानावर अंडी घालतो. पान कडक झालं की धोका संपला. म्हणजे राखायचे ते पालवीचे पहिले दोन-तीन आठवडेच. पालवी तांदळाच्या दाण्याएवढी दिसताच १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी; दर ६ दिवसांनी तीनदा. रेघ उठल्यावर फवारून उपयोग नाही, अळी पानाच्या कातडीखाली सुरक्षित असते. फवारणीनंतर आठवडाभर पानं तोडू नका, स्वयंपाकात कडूपणा उतरतो. छाटणी इकडून-तिकडून न करता सगळी एकदम करा, मग पालवीही एकदम येते आणि राखणं सोपं जातं. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही हलताना दिसलं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी, हाताने वेचा. रोप गुटी कलमाचं असेल तर सोटमूळ नसतं, बांबूचा आधार द्या.

गवती चहाची तुम्ही बहुतेक पानं कापत असणार. पानं कापत राहिलं की बेट नवे बारीक फुटवे काढत राहतं. दांडा हवा असेल तर पानांना हात लावायचा नाही. बेट उपटा, एका जागी २-३ फुटवे, ६०-७० सेंमी अंतर, आणि वाढताना दोनदा बुडाशी १० सेंमी मातीची भर. पाच-सहा महिन्यांनी बाहेरचे अंगठ्याएवढे दांडे बुडातून मोडून घ्या.

खलबत्ता

वाटणाकडे वळते. चार जणांना पुरेल असं प्रमाण:

हिरव्या फ्रिक खी नू, म्हणजे आपल्या लवंगीसारख्या, १५; मोठ्या हिरव्या फ्रिक ची फा ४, बिया काढून; गवती चहाची चकती २ मोठे चमचे; खाच्या चकत्या १ मोठा चमचा; मक्रूतच्या फळाची साल बारीक चिरून १ लहान चमचा; कोथिंबिरीची मुळं ५-६; लसूण ३ मोठे चमचे; छोटे लाल कांदे ३ मोठे चमचे; मीठ १ लहान चमचा. कोरडं: धणे १ मोठा चमचा, जिरे १ लहान चमचा, पांढरी मिरी अर्धा लहान चमचा, भाजून पूड.

कडूपणाचा पहिला संशय मक्रूतच्या सालीवर. साल काढल्यावर ती उलटी करून उजेडात धरा. आतून नुसती हिरवी, किंचित तेलकट चमक हवी. पांढरा पापुद्रा दिसला तर सुरी आडवी धरून खरवडा, तोच कडू. आणि साल चमचाभरच. जास्त घातली की साबणासारखा वास येतो. दुसरा संशय गवती चहावर: बाहेरची २-३ आवरणं काढून बुडाकडून कागदासारख्या पातळ चकत्या करा. चकतीत जांभळी वलयं दिसतात तोवरच दांडा रसाळ. वलयं संपली की थांबा, उरलेला दांडा सूप किंवा चहात.

कुटायचं दगडी खलात. आधी मीठ आणि मिरच्या, मग खा, गवती चहा, साल, मुळं; मग लसूण-कांदा; पूड शेवटी. आधीचा जिन्नस दिसेनासा झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. २०-२५ मिनिटं लागतात. मिक्सरवर करायचं तर सगळं रेषांच्या आडवं बारीक चिरा, आणि पाण्याऐवजी ३-४ चमचे घट्ट नारळाचं दूध घालून थांबत-थांबत फिरवा. पाणी घातलेलं वाटण परतलं जात नाही, शिजतं. कच्चा लसूण मग तसाच राहतो.

रंग: मिरची हिरवीगार हवी, पिकायला लागलेली नको. मूठभर मिरचीची कोवळी पानं किंवा होरफा वाटणात घाला. घरच्या करीचा रंग फिकट, मऊ हिरवाच असतो. तो बरोबर आहे.

कपी, म्हणजे कोळंबीची पेस्ट, याच्या जागी 'ताव चियाव', आंबवलेले सोयाबीन: १ मोठा चमचा दाणे निथळून, आणि मीठ निम्मं. उत्तरेकडचं 'थुआ नाव', म्हणजे आंबवून वाळवलेलं सोयाबीन, मिळालं तर त्याची चकती आचेवर खरपूस भाजून पूड करा. माझ्या मते तेच जास्त जवळ जातं. तयार वाटण घेताना एक ध्यानात ठेवा: पिवळ्यावर लाल अक्षरात 'जे' (थाई कडक शाकाहाराची खूण) लिहिलेलं असेल तर त्यात लसूण-कांदाही नसतो.

तेल न सुटण्याचं कारण खोकं. त्यातल्या बऱ्याच दुधांत ते फुटू नये म्हणूनच स्थिरक घातलेला असतो. बाजारात ताजा खवलेला नारळ मिळतो. अर्धा किलो खवात अर्धी वाटी कोमट पाणी घालून पिळा: हे घट्ट 'हुआ कथि'. मग दोन वाट्या पाणी घालून दुसरं पातळ. कोकणातल्या कोणाला हे सांगायला नको. पसरट कढईत वाटीभर घट्ट दूध मध्यम आचेवर ६-८ मिनिटं, कडेला तेलाचे थेंब चमकेपर्यंत. मग ३-४ चमचे वाटण, मंद आचेवर ३-४ मिनिटं. मोठ्या आचेवर तपकिरी होतं. मग टोफू, चार फोडी केलेली गोल हिरवी वांगी, पातळ दूध. वांगी शिजली की चमचाभर ताडगूळ, सोया सॉस, शीर काढून फाडलेली मक्रूतची ४-५ पानं. होरफा मूठभर घालायची आणि त्याच क्षणी आच बंद. लिंबू पिळू नका.

रोपं_चियांगमाई

होरफा मुळात अल्पायुषी आहे, ती वाचवत बसू नका. दर ६-८ आठवड्यांनी तुरा न आलेल्या शेंड्याचे १० सेंमी तुकडे पाण्यात ठेवा, ७-१० दिवसांत मुळं येतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नंतरही तोडताना खाली पानांच्या दोन जोड्या ठेवून दांडीसकट तोडा. नुसती पानं ओरबाडली की ती लवकर तुऱ्यावर येते. पावसाळ्यात पानाखाली राखाडी-जांभळी लव दिसली तर केवडा रोग. त्यावर इलाज नाही, रोप काढा, पुढची ३० सेंमीवर लावा आणि पाणी सकाळी बुडाशीच द्या.

होरफा आणि कफ्राव यांत गल्लत नको. होरफा आपल्या सब्जाच्या जातीची. कफ्राव म्हणजे देव्हाऱ्यापुढची तुळसच, तीच जात, वाण इथला. काही घरांत ती चुलीवर जात नाही. तुमच्याकडे तसं असेल तर कफ्राव लावूच नका, हिरव्या करीला ती लागतही नाही.

कोथिंबीर नोव्हेंबर ते जानेवारीतच. धणे दोन फाकांत रगडून जागेवर पेरा, २० सेंमी भुसभुशीत खोली, ४५-५० दिवसांनी मुळासकट उपटा. वर्षाची मुळं धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये.

कुडाळ_परस

थोडं विषयांतर. कोकणातून कोणी वाचत असेल तर: इथे कुंपणावर तोंडली असते, आपण फळ खातो, थायलंडमध्ये त्याच वेलाचे कोवळे शेंडे 'तमलुंग' म्हणून पातळ सुपात घालतात. हादग्याची फुलं तिकडे आंबट करीत जातात. चिंच कोकणातली चालते. मक्रूतचं रोप किंवा खाचे कंद मात्र सामानातून आणू नका. प्लांट क्वारंटाईन ऑर्डर २००३ प्रमाणे परवाना लागतो, आणि लिंबूवर्गाचे रोग असेच फिरतात. मक्रूतची रोपं आता इकडच्या रोपवाटिकांतही मिळतात.

नदीकाठ_नोंथाबुरी

सगळ्यांचे आभार. ग्लासाची परीक्षा केली. धागे उतरले, स्पष्ट. आता ती जागा वाया गेली का? मिरची आणि वांगी तिथेच लावायची होती.

वाफा_आणि_पाट

मग तो जीवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो, आणि मिरची, वांगं, टोमॅटो, आलं, हळद सगळ्यांना धरतो. ती माती दुसऱ्या वरंब्यात नेऊ नका, खुरपं आणि चपला धुऊन मगच इकडे या. तिथे गवती चहा, कोथिंबीर, चवळी लावा.

खा आणि मिरचीला सिमेंटची कडी घ्या, इथे लिंबू लावायला वापरतात ती ८० सेंमी व्यासाची, तळाला झाकण आणि निचऱ्याला फट ठेवून. खाली दोन विटा, म्हणजे अंगणातल्या मातीशी संबंध नको. भरायची माती बाहेरून आणा. कंदही मंडईतला घेऊ नका. निरोगी बेटाचा माहितीतला घ्या.

वांगी जमिनीतच हवी असतील तर 'मखुआ फुआंग', ती वाटाण्याएवढी वांगी, तिच्यावर कलम करा. या जीवाणूला ती बरीच दाद देत नाही. तिचं बी उगवायला फार वेळ घेतं, म्हणून वांग्याच्या ३-४ आठवडे आधी पेरा. दोन्हींची खोडं ३ मिमी झाली की खुंट (मखुआ फुआंगचं खोड) आडवा कापून मधे १ सेंमी चीर, वरच्या वांग्याच्या खोडाला पाचरीसारखी धार, बसवून क्लिप. ६-७ दिवस सावलीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली, दमट. लावताना सांधा मातीच्या वर ८-१० सेंमी राहू द्या. तो मातीला टेकला की वांगं स्वतःची मुळं सोडतं, आणि रोग तिथूनच शिरतो.