अल्जिनेट ट्रेमध्येच सेट होतंय, जीआयसी पण जमत नाहीये, सल्ला हवाय

नवी_असिस्टंट:
नमस्कार मंडळी, सोलापुरात दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागलेय. कोर्स वगैरे काही केलेला नाही, मॅडम शिकवतात पण पेशंटची रांग लागली की त्यांना तरी कुठला वेळ. पार्शल कवळीचं माप घ्यायचं असलं की मी अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पावडर) कालवते आणि ट्रे भरेपर्यंतच ते घट्ट व्हायला लागतं, आधीची ताई सांगून गेली की पाणी थोडं वाढव, तर तसं केलं की माप तोंडातून काढताना फाटतं. जीआयसीचं, म्हणजे दात भरायच्या सिमेंटचं पण तेच, कधी भुरभुरीत तर कधी ताकासारखं पातळ. मॅडमना ब्रँड बदला म्हणू का? कुठला चांगला?

खुर्चीशेजारी:
अगं ब्रँडचं नंतर बघ, आधी पाणी. प्रमाण अजिबात बदलायचं नाही, पाणी किती गार आहे ते बदलायचं. एप्रिलमध्ये तुमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी केवढं तापलेलं असतं, ते थेट नळाचं घेतलंस तर दुसरं काय होणार. फ्रिजमधली बाटली घे, साध्या पाण्यात मिसळून साधारण २० डिग्रीच्या आसपास आण, हाताला गार लागलं पाहिजे पण बर्फ नको, तेवढ्यानेच वेळ वाढतो. पावडर डब्यात दबून बसते म्हणून आधी डबा बंद ठेवून हलव, नाहीतर चमच्यात जास्त पावडर येते आणि मिक्स घट्टच होणार. हलवल्यावर लगेच झाकण उघडू नकोस, ती धूळ नाकात जाते, मास्क लाव. बाऊलमध्ये आधी पाणी मग पावडर, आणि नुसतं ढवळायचं नाही, स्पॅच्युला बाऊलच्या भिंतीवर दाबून दाबून फिरवायचा म्हणजे गुठळ्या मोडतात. रेग्युलर सेट असेल तर पाऊण ते एक मिनिट, फास्ट सेट असेल तर त्याहून कमी, डब्यावर काय लिहिलंय ते बघ, कधीकधी आणलेलाच फास्ट सेटचा असतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.
अजून एक, प्लास्टर कालवायचा बाऊल वेगळा आहे ना? त्यातलं वाळलेलं प्लास्टर अल्जिनेटमध्ये गेलं तरी ते लवकर सेट होतं.

नवी_असिस्टंट:
बाऊल एकच आहे 😬 उद्याच दुसरा मागते.

मिरजेचा_लॅबवाला:
ताई, आलाच आहात तर आमचंही ऐका. माप कितीही सुंदर घेतलं आणि मग ते तासभर कोरड्या डब्यात पडून राहिलं तर पाणी उडून आकसतं, काहीजण त्यावर उपाय म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात तर ते फुगतं, दोन्हीकडून कवळी बसत नाही आणि शिव्या लॅबला. धुवून लाळ घालवायची, डिसइन्फेक्टंट मारायचं, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवायचं आणि शक्यतो १०-१५ मिनिटांत दवाखान्यातच त्यात प्लास्टर किंवा स्टोन (त्याहून कडक होणारं प्लास्टर) ओतून दातांचं मॉडेल करायचं. स्टोनला १०० ग्रॅमला ३० मिलीच्या आत पाणी, प्लास्टरला ४५-५०, डोळ्याच्या अंदाजाने नको. साधारण तासाभराने मॉडेल मापातून सोडवा, रात्रभर तसंच ठेवलं तर अल्जिनेट वाळून मॉडेलचा पृष्ठभाग खराब करतं.

डेंटिस्ट_रत्नागिरी:
वरचं सगळं बरोबर. जीआयसीबद्दल सांगतो. पावडरचा चमचा बाटलीच्या कडेला सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. लिक्विडची बाटली सरळ उभी उलटी धरायची, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात, बुडबुड्यासकट पडलेला थेंब धरू नका. आणि थेंब अगदी आयत्या वेळी पाडा, पॅडवर पडून राहिला की त्यातलं पाणी उडतं, तुमचं भुरभुरीत होण्याचं कारण बहुतेक हेच असावं. पावडरचे दोन भाग करा, पहिला दहाएक सेकंदात ओला करून घ्या मग दुसरा, एकूण अर्ध्या मिनिटाच्या आत, थोड्याच जागेत घडी घालत मिक्स करा, पॅडभर पसरू नका. स्पॅच्युला प्लास्टिकचा, स्टीलचा या काचेच्या पावडरीने घासला जातो आणि सिमेंट करडं होतं. मॅडमच्या हातात देताना त्यावर चकाकी हवी, चकाकी गेली की दाताला चिकटण्याची ताकद गेली, सरळ फेकून नवीन करा, महाग आहे म्हणून पुढे ढकलू नका.
ब्रँड म्हणाल तर फिलिंगला फुजी नाईन चांगलं आहे, पण एका कंपनीचा चमचा दुसऱ्याच्या पावडरीला वापरू नका, आणि कॅप चिकटवायचं टाईप वन जीआयसी फिलिंगला नको.

खुर्चीशेजारी:
विषय निघालाच आहे तर, रूट कॅनालच्या वेळी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, कॅनाल धुवायचं जंतुनाशक) आणि सलाईनच्या सिरिंजवर नावं लिहून ठेव बाई. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. आणि हायपोनंतर लगेच क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक भरून देऊ नकोस, दोन्ही एकत्र आली की तांबूस तपकिरी साका बसतो कॅनालमध्ये, मध्ये सलाईनने धुवावं लागतं.

नवी_असिस्टंट:
बापरे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. खूप थँक्यू सगळ्यांना. शेवटचं विचारते, कॅपच्या मापाची पुट्टी (हाताने मळायचं सिलिकॉन) मळते ती कधीकधी सेटच होत नाही, चिकट राहते. एक्सपायरी पाहिली, ठीक आहे.

डेंटिस्ट_रत्नागिरी:
लेटेक्सचे ग्लोव्हज घालून मळता का? पुट्टी ॲडिशन सिलिकॉन प्रकारातली असेल तर लेटेक्समधल्या गंधकामुळे सेट होत नाही. व्हिनाईलचे घाला, आणि लेटेक्सचे नुसते काढून उघड्या हाताने मळणार असाल तर आधी हात साबणाने नीट धुवा, कारण त्याचा अंश हाताला राहतो.