शब्दचर्चा: ‘सेवाभिमुख’ की ‘सेवाधारित’?

प्रश्न: एका सरकारी खात्याच्या संगणक प्रणालीची निविदा मराठीत आणते आहे. मुळात ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ आहे. मी ‘सेवाभिमुख स्थापत्य’ लिहिलं. तपासून परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं प्रश्न होता: ‘नागरिकांशी सौजन्याने वागणे, असे अभिप्रेत आहे काय?’ शंका रास्त वाटते. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर: तपासणाऱ्यांनी नेमकं बोट ठेवलंय, ताई. ‘लोकाभिमुख प्रशासन’, ‘रोजगाराभिमुख शिक्षण’ हे आपण रोज वाचतो. अभिमुख म्हणजे त्या दिशेला तोंड असलेलं. पूर्वाभिमुख देऊळ पूर्वेकडे पाहतं, एवढंच. इथे तर प्रणाली सेवांचीच, म्हणजे एकेक ठरलेलं काम करून देणाऱ्या सुट्या भागांचीच बांधलेली असते, म्हणून ‘सेवाधारित’. ‘स्थापत्य’ही काढा, सरकारी कागदात तो शब्द दिसला की फाइल बांधकामाकडे जायची. साधं ‘रचना’ पुरतं.

आणखी एक शंका: ‘सेवा’ तरी कशाला? कानावर पडलं की विठ्ठलाची सेवा आठवते, नाहीतर सेवापुस्तक आणि सेवानिवृत्ती. ‘सुविधा’ चालणार नाही?

उत्तर: नाही चालणार, आणि कारण आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली प्रत्येक सेवा अधिसूचित होते: काय मिळणार, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे. अर्जदाराला कार्यालयातलं टेबल माहीत असायची गरज नाही. संगणकातली सेवा अगदी अशीच असते. एका प्रणालीनं ठरलेल्या नमुन्यात विचारायचं, दुसरीनं ठरलेल्या नमुन्यात उत्तर द्यायचं. आतली प्रोग्रामिंगची भाषा जावा आहे की कोबोल, याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नाही. जुनी प्रणाली न मोडता तिला नव्या कामाला जोडता येतं ते त्यामुळेच. बँकांना आणि सरकारांना या रचनेचं मोल वाटतं ते याचसाठी.

एस्टोनियाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे 2001 पासून ‘एक्स-रोड’ आहे, म्हणजे खात्याखात्यांच्या प्रणालींना एकमेकींशी जोडणारी व्यवस्था. सगळ्यांची माहिती एका कोठारात ओतलेली नाही. लोकसंख्येची नोंदवही तिच्या खात्याकडेच राहते. दुसऱ्या खात्याला पत्ता हवा असेल तर ते त्या नोंदवहीला विचारतं, आणि विचारल्याची नोंद राहते. माणसाला दाखला घेऊन या दारातून त्या दारात जावं लागत नाही. आपल्या डिजिलॉकरमध्ये वाहन चालवण्याचा परवाना परिवहनच्या नोंदींतून येतो, तोही याच वाटेनं.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार, दादा. ‘सेवाधारित रचना’ नक्की केलं. अडलंय ते ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’पाशी, म्हणजे सेवेला कसं विचारायचं आणि ती काय देईल हे ठरवणाऱ्या नमुन्यापाशी. निविदेत ‘सेवा करार’ लिहिलं तर कंत्राटदाराशी होणारा करारच समजतील.

उत्तर: समजतीलच. ‘सेवेचा तपशील’ लिहा आणि खाली तीन ओळी द्या: काय विचारायचं, काय परत येईल, चूक झाली तर कोणता संदेश येईल.