ड्यूक, चॅपल हिल, स्टेट: नॉर्थ कॅरोलिनातल्या तीन कॉलेज बास्केटबॉल टीमचा २०२५-२६ सीझनआधीचा अंदाज

मीनल: सोमवारी एपी वृत्तसंस्थेची सीझनपूर्व क्रमवारी (पहिल्या २५ टीम) आली. पहिले तीन पर्ड्यू, ह्यूस्टन, फ्लोरिडा. आपल्या भागातलं ड्यूक सहावं, चॅपल हिल (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ) पंचविसावं, एनसी स्टेट यादीबाहेर. ३ नोव्हेंबरपासून मॅचेस सुरू. कॅरी-मॉरिसव्हिलला नवीन आलेल्या घरांना तिन्ही टीम समजून घ्यायच्या आहेत. संजयकाका, रोहित, अनघा, आपापल्या टीमबद्दल लिहा. कौतुक लिहाच, पण कुठे अडकतील तेही लिहा.

संजयकाका: ड्यूकचं सांगतो. गेल्या सीझनचे पाचच्या पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे) गेले. फ्लॅग, कनिपल, मालुआच, प्रॉक्टर, सायन जेम्स, सगळे जूनच्या ड्राफ्टमध्ये एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, निवडले गेले. त्यामुळे गेल्या वर्षीचा ३५-४ रेकॉर्ड विसरा. यंदाचा सहावा नंबर बराचसा कॅमेरॉन बूझरच्या भरवशावर आहे. ६ फूट ९ इंच, अडीचशे पौंडांचा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा). वडील कार्लोस बूझर ड्यूकच्या २००१ च्या विजेत्या टीममध्ये होते. जुळा भाऊ केडन गार्ड (बॉल आणणारा) आहे, तोही इथेच आलाय.

कॅमेरॉनने डिफेन्सिव्ह रिबाउंड (समोरच्यांच्या हुकलेल्या शॉटचा बॉल) घेतला की तो गार्डला शोधत बसत नाही, स्वतःच ड्रिबल करत निघतो. समोरच्यांचा सेंटर मागे वळेपर्यंत हा फ्री थ्रो लाइनपाशी पोचलेला असतो आणि तिथून पासही चांगला देतो. समोरचे कोच यावर काय करतील? त्याने पोस्टमध्ये (बास्केटजवळ) बॉल घेतला की बेसलाइनकडून दुसरा डिफेंडर पाठवतील. मग कोपऱ्यात मोकळा राहिलेला शूटर थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) टाकतो की नाही, यावर सगळं अवलंबून. आयझाया इव्हान्स परत आलाय, गेल्या वर्षी थ्रीमध्ये ४१ टक्क्यांच्या वर होता. त्याच्या जोडीला दुसरा भरवशाचा शूटर अजून दिसायचाय. इटलीचा डेम सार आणि निकोलस खामेनिया यांच्यातल्या एकाने ती जागा घ्यायला हवी.

रोहित: काका, ड्यूकचं खरं दुखणं गार्डचं आहे.

संजयकाका: मान्य. एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोला ह्यूस्टनविरुद्ध राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची सेमीफायनल हातातून गेली, ती शेवटची ३५ सेकंद प्रत्येकाने परत बघावीत. ड्यूक ६७-६१ पुढे. ह्यूस्टनच्या शार्पने थ्री टाकला, ६७-६४. ड्यूकने बॉल आत घ्यायला पास दिला, तोच चोरला गेला. त्यावरचा थ्री हुकला, पण टगलरने रिबाउंड घेऊन डंक मारला, ६७-६६. मग प्रॉक्टरला फ्री थ्रो (फाउलबद्दलचा मोकळा शॉट) मिळाला, वन-अँड-वनचा पहिलाच हुकला. त्या रिबाउंडच्या धक्काबुक्कीत फ्लॅगवर फाउल, रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकले. शेवटी ७०-६७. टॅलेंट दोन्हीकडे भरपूर होतं. दबावाखाली बॉल आत घेणं, सांभाळणं आणि फ्री थ्रो टाकणं, या तीन साध्या गोष्टींत मॅच गेली. आता ते काम केलेब फॉस्टर आणि केडन बूझरकडे आहे. फॉस्टरची गेल्या वर्षी स्टार्टरची जागा गेली होती, केडन फ्रेशमन आहे. म्हणून मला ड्यूकचा सहावा नंबर थोडा चढा वाटतो. डिसेंबरअखेर या दोघांपैकी एक स्थिरावला, तर मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या चारांत.

आणखी एक काळजी: मालीक ब्राउन हा टीममधला सगळ्यात चलाख डिफेंडर, पण गेल्या सीझनला खांदा निखळून बाहेर बसला होता. एनगॉन्गबाला पायाचा त्रास आहे. दोघांपैकी कोणी बसलं की कॅमेरॉनला सेंटरला खेळावं लागेल आणि त्याचे फाउल वाढतील.

स्नेहा: वन-अँड-वन म्हणजे काय? एनबीए बघितलंय, त्यात असं काही नसतं.

प्रसाद: बरोबर वहिनी, हा कॉलेजचा नियम. २० मिनिटांचे दोन हाफ असतात. एका हाफमध्ये समोरच्या टीमचे सात फाउल झाले की तुमच्या खेळाडूला एक फ्री थ्रो मिळतो, तो पडला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून थेट दोन. म्हणून सातव्या ते नवव्या फाउलच्या टप्प्यात पुढे असलेल्या टीमने बॉल कोणाच्या हातात ठेवला ते बघा. कोच ८० टक्क्यांवाल्या गार्डकडेच द्यायला बघतो. शॉट क्लॉक ३० सेकंदांचा, तेवढ्यात शॉट मारावा लागतो. पाच फाउलला खेळाडू बाहेर, एनबीएत सहा.

यंदा दोन नवे बदल आहेत. कोचला चॅलेंज मिळालंय: बॉल कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग (खाली येणारा शॉट नियमाबाहेर अडवणं), आणि बास्केटखालच्या अर्धवर्तुळात मदतीला आलेला डिफेंडर उभा होता का, एवढ्यापुरतंच. त्यासाठी टाइमआउट शिल्लक हवा. चॅलेंज चुकलं तर पुढे मिळत नाही. बरोबर निघालं तर आणखी एक मिळतं. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांसाठी टाइमआउट राखणं आता जास्त महत्त्वाचं. दुसरा बदल, बास्केटकडे जाताना बॉल दोन्ही हातांत घेतल्यावर फाउल झाला तर खेळाडूला पाऊल पूर्ण करून शॉट मारता येईल. ड्राइव्ह करणाऱ्या गार्डांचा यात फायदा आहे.

स्नेहा: थँक यू प्रसाददादा, आता शेवटच्या दोन मिनिटांचा गोंधळ समजेल.

रोहित: चॅपल हिलकडे येतो. गेल्या वर्षी २३-१४, आणि सगळ्यात मोठी कमतरता उंचीची. समोर खरा सेंटर आला की रिबाउंड जायचे. यंदा ते दुरुस्त केलंय. ॲरिझोनातून एस्टोनियाचा हेन्री वेसार आणलाय, सात फुटी. अलाबामातून जॅरिन स्टीव्हन्सन परत आलाय, तो मूळचा आपल्याच भागातला, पिट्सबरोच्या शाळेतला. आणि फ्रेशमन केलेब विल्सन, ६ फूट १० इंच, जो एनबीएवाल्यांच्या नजरेत आधीपासून आहे.

विल्सन धावत्या खेळात आणि हुकलेल्या शॉटवरच्या दुसऱ्या उडीत भारी. लांबचा शॉट मात्र अजून सिद्ध नाही. त्याचा डिफेंडर चार पावलं मागे राहून लेन (बास्केटकडची वाट) भरेल, मग सेथ ट्रिंबलला ड्राइव्हला जागा मिळणार नाही. याला एकच उपाय, वेसारला वर, थ्री लाइनजवळ खेळवायचं आणि विल्सनला बेसलाइनवर. वेसार वरून पास देऊ शकतो आणि थ्रीही टाकतो, म्हणून त्याच्या मागे समोरचा सेंटर बाहेर यावा लागतो.

बॉल हाताळायला कायन इव्हान्स. कोलोरॅडो स्टेटचा, थ्रीमध्ये ४० टक्क्यांच्या वरचा. ड्यूकचा आयझाया वेगळा, घोळ करू नका. गेल्या वर्षीच्या गार्डांपैकी एलियट कडो मिशिगनला गेला, आर. जे. डेव्हिसचं कॉलेज संपलं, इयन जॅक्सन सेंट जॉन्सला. म्हणजे ट्रिंबल सोडला तर मागची फळी नवी. कायन फाउलमध्ये अडकला तर बॉल कोण आणणार, हा प्रश्न उरतोच. ट्रिंबल डिफेन्समध्ये अव्वल, पण पॉइंट गार्ड नाही.

अजून एक: दोन उंच खेळाडू एकत्र असले की छोट्या, पाचही शूटर असलेल्या टीमविरुद्ध अवघड. एकाला थ्री लाइनपर्यंत पळावं लागतं. त्या वेळी ह्यूबर्ट डेव्हिस स्टीव्हन्सनला बाहेर बसवतात की वेसारला, ते बघण्यासारखं.

मीनल: एवढी नावाजलेली टीम असून पंचविसावीच का?

प्रसाद: गेल्या वर्षीच्या अनुभवामुळे. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती मॅचेस चार गटांत मोजते. पहिला गट, क्वाड वन: घरच्या मैदानावर नेट क्रमवारीतल्या (समिती वापरते ती टीमची क्रमवारी) पहिल्या ३० टीम, तटस्थ मैदानावर पहिल्या ५०, समोरच्यांच्या मैदानावर पहिल्या ७५. चॅपल हिलचा या गटातला रेकॉर्ड १-१२ होता. एकमेव विजय न्यूयॉर्कला यूसीएलएवर. ते कसेबसे स्पर्धेत आले, डेटनच्या फर्स्ट फोरमध्ये (सुरुवातीच्या फेरीत) सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ ने हरवलं आणि पुढच्याच फेरीत ओल मिसकडून हरले.

याची मुळं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. मागच्या डिसेंबरमध्ये एसीसी (आपल्या तिन्ही टीमची लीग) आणि एसईसी (दुसरी लीग) आमनेसामने आल्या तेव्हा एसईसी १४-२ ने जिंकली. एसीसीतून जिंकले फक्त ड्यूक आणि क्लेमसन. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत एसीसीतल्या टीम आपसात कितीही चांगलं खेळल्या तरी समोरच्यांचंच नेट घसरलेलं, मग क्वाड वन विजय येणार कुठून? मार्चमध्ये एसीसीतून चारच टीम गेल्या: ड्यूक, क्लेमसन, लुईव्हिल, चॅपल हिल. यंदा एसीसीने आपसातल्या मॅचेस २० वरून १८ केल्यात, म्हणजे बाहेरच्या चांगल्या टीमशी खेळायला दोन तारखा मोकळ्या.

त्याची किंमतही आहे. चॅपल हिल आणि स्टेट यंदा नियमित सीझनमध्ये एकदाच भेटतील, तेही रॅलीला. ही गोष्ट मला मनापासून खटकते. वीस-पंचवीस मैलांवरच्या दोन टीमपैकी एक समोरच्यांच्या मैदानावर जाणारच नाही, हे या भागाला शोभत नाही. ड्यूक-चॅपल हिल मात्र दोनदा: ७ फेब्रुवारी चॅपल हिल, ७ मार्च डरहॅम.

अनघा: स्टेटवाल्यांना तर हे जास्तच लागतं, कारण यंदा दोनदा हरवायची संधी होती! वेन-ॲलन लुबिन गेल्या वर्षी चॅपल हिलकडून खेळला, आता आमच्याकडे आहे.

स्टेटचं थोडक्यात. २०२४ ला पाच दिवसांत पाच मॅच जिंकून एसीसी स्पर्धा घेतली, राष्ट्रीय स्पर्धेत फायनल फोरला (शेवटच्या चारांत) गेले. पुढच्याच वर्षी १२-१९, एसीसी स्पर्धेतही जागा नाही. कोच बदलला. विल वेड मॅकनीसहून आले. मार्चमध्ये त्यांच्या मॅकनीसने क्लेमसनला हरवलं तेव्हा पहिल्या हाफमध्ये क्लेमसनला १३ गुण करता आले. झोन (माणसाऐवजी जागा राखणारा डिफेन्स) लावायचा, पास अडवायचे, बॉल सुटला की पळायचं, अशी पद्धत. मॅकनीसचा क्वादिर कोपलंड त्यांच्याबरोबर आलाय, म्हणजे ही पद्धत माहीत असलेला गार्ड पहिल्या दिवसापासून हाताशी.

सगळ्यात मोठं नाव टेक्सस टेकचा डॅरियन विल्यम्स. ६ फूट ६ इंच, कोपरापाशी म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या टोकाला बॉल घेतो, पाठीने ढकलत आत जातो, दोन डिफेंडर अंगावर आले की पास देतो. मिशिगन स्टेटचा ट्रे हॉलोमन, ह्यूस्टनचा आर्सेनो, आणि आपला जुना पॉल मॅकनील थ्रीसाठी. यादीबाहेर ठेवायला नको होतं असं माझं ठाम मत आहे.

संजयकाका: अनघा, गार्ड तुमचे तिघांत सगळ्यात अनुभवी, यात वाद नाही. पण लुबिन ६ फूट ८ इंच. झोनमध्ये रिबाउंडला कोणी कोणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं, माणूस शोधावा लागतो. बूझर किंवा वेसारसमोर दुसरी उडी कोण घेणार?

अनघा: काका, तोच कच्चा दुवा. झोनमधून शॉट सुटला की मागच्या तिघांनी आधी अंगाने अडवायचं आणि मग बॉल बघायचा, हे नोव्हेंबरमध्ये अंगवळणी पडायला हवं. समोरच्यांना १२ च्या वर ऑफेन्सिव्ह रिबाउंड (त्यांच्याच हुकलेल्या शॉटचा बॉल परत) मिळाले तर आम्ही हरणार. त्याची भरपाई टर्नओव्हरने (समोरच्यांना शॉटआधीच बॉल गमवायला लावून) करायची. १६ चुका करायला लावल्या तर जमतं.

प्रसाद: हा हिशेब सगळ्यांना उपयोगी. कॉलेजच्या मॅचमध्ये प्रत्येक टीमला साधारण ७० वेळा बॉल मिळतो. १० टर्नओव्हर चालतात, १५ झाले की प्रत्येक पाचव्या वेळी शॉटच नाही. गुणफलकाआधी हे दोन आकडे बघा: टर्नओव्हर आणि समोरच्यांना दिलेले ऑफेन्सिव्ह रिबाउंड. नव्या टीमचे थ्री नोव्हेंबरमध्ये वरखाली होतात, त्यावरून मत बनवू नका.

स्नेहा: मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं तर कुठे न्यावं?

रोहित: वहिनी, ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियमला ९,३१४ जागा, त्यातही विद्यार्थी बरेच, तिकीट अवघड. चॅपल हिलचं स्मिथ सेंटर २१ हजारांच्या वर. तिथे ३ नोव्हेंबरला सेंट्रल अर्कान्सॉ येतंय, अशा मॅचला चार जणांची तिकिटं एकत्र मिळणं सोपं. स्टेट रॅलीच्या लेनोव्हो सेंटरला खेळतं, आपल्याकडून तेच जवळ. मुलं लहान असतील तर वर बसा, पाचही जणांची हालचाल तिथून कळते.

मीनल: तिघांची तुलना कशावर करायची? प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं.

प्रसाद: यंदा सोय आपोआप झालीय. कॅन्सस तिघांशीही खेळतंय. ७ नोव्हेंबर चॅपल हिलला, १८ नोव्हेंबर ड्यूकशी न्यूयॉर्कला, १३ डिसेंबर स्टेटशी रॅलीला. एपीत १९ वे आहेत आणि त्यांचा फ्रेशमन गार्ड डॅरिन पीटरसन सगळ्यांच्या गार्डांची परीक्षा घेईल. स्टेटला चॅपल हिलपेक्षा पाच आठवडे जास्त मिळतात, तेवढी सूट धरा. मग २ डिसेंबरला फ्लोरिडा ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियमला येतंय, त्याच दिवशी चॅपल हिल केंटकीला, दुसऱ्या दिवशी स्टेट ऑबर्नला. त्या आठवड्यानंतर क्वाड वनचं चित्र दिसायला लागेल.

त्याआधी दोन सराव मॅचेस बघा. २४ ऑक्टोबरला सॉल्ट लेक सिटीत चॅपल हिल-बीवाययू, २६ ला नॉक्सव्हिलला ड्यूक-टेनेसी. सराव मॅचचा निकाल सोडा. शेवटच्या चार मिनिटांत कोणते पाच मैदानावर ठेवले आणि समोरच्यांनी दबाव टाकल्यावर बॉल कोणी आणला, ते लिहून ठेवा.

संजयकाका: माझा अंदाज: ड्यूक एसीसीत पहिलं, लुईव्हिल दुसरं, स्टेट तिसरं, चॅपल हिल चौथं.

रोहित: मी चॅपल हिल तिसरं धरतो. वेसार जानेवारीपर्यंत धड राहिला तर दुसरं.

अनघा: स्टेट दुसरं. लिहून ठेवा.

मीनल: गुगल शीट पिन केलीय. चार रकाने: एसीसीतला क्रमांक, क्वाड वन विजय, मार्चमध्ये कुठवर, आणि प्रत्येक टीमचा सीझनअखेर मुख्य बॉल हाताळणारा कोण असेल. २ नोव्हेंबर, रविवार रात्री ९ ला शीट बंद.