टी-९० भीष्मला लाल डोळे असतात का? आणि तोफेच्या नळीतून क्षेपणास्त्र सुटतं म्हणजे नक्की काय?

मधलीसुट्टी

मंडळी, १/३५ मापाचं टी-९०चं किट जोडायला घेतलंय. डब्यावर रशियन रणगाडा आहे, मला आपला भीष्म करायचाय. संदर्भासाठी २६ जानेवारीच्या संचलनाचे फोटो जमवले आणि घोळ तिथेच सुरू झाला. काही फोटोंखाली टी-७२ अजेय लिहिलंय, काहींखाली टी-९०, आणि मला तर सगळीकडे एकच गाडी दिसते.

एक, दोघांतला फरक झटकन कसा ओळखायचा? दोन, किटमध्ये तोफेच्या दोन्ही अंगांना लाल काचेचे दिवे आहेत, ते भीष्मवर बसवायचे का? तिसरं थोडं अवांतर. तोफ दोघांचीही १२५ मिमीची, मग क्षेपणास्त्र टी-९०च्याच नळीतून का सुटतं, अजेयच्या का नाही? आपल्या अर्जुन रणगाड्याचं क्षेपणास्त्र पुण्यात तयार झालं म्हणतात, ते हेच का?

बुरूजबंद

रंग आणि फोटोखालची ओळ, दोन्हींवर विश्वास ठेवू नका. आधी एका बाजूची चाकं मोजा. सात भरली तर अर्जुन, विषय संपला. बुरूजही (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) मोठा, सपाट भिंतींचा, खोक्यासारखा दिसेल. सहा भरली तर अजेय किंवा भीष्म, आणि इथून पुढे चाकं काही सांगणार नाहीत. टी-९०चं मूळ नावच टी-७२बीयू होतं, सांगाडा त्याच घराण्यातला. दोघांचा धुराचा भोंगासुद्धा डाव्या बाजूलाच.

मग तोफेच्या मुळाशी बघा. साध्या अजेयवर तोफेच्या उजव्या हाताला एक गोल इन्फ्रारेड दिवा असतो, नाव ‘लुना’. उजवा म्हणजे आत बसलेल्या माणसाचा उजवा. गाडी समोरून येत असेल तर तुम्हाला तो डावीकडे दिसेल. निम्मी भांडणं या डाव्या-उजव्यावरून होतात. भीष्मवर लुना नाही. तिथे तोफेच्या दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं जाड कवच पुढे आलेलं दिसतं, वरून बघितलं तर इंग्रजी व्ही. हे कोन्ताक्त-५, म्हणजे स्फोटक प्रतिक्रिया कवच (ईआरए), मारा बसला की स्वतः बाहेर फुटून तो बोथट करणारं.

फसगत होते ती ईआरए लावलेल्या अजेयमुळे. त्याच्या बुरुजावरही या कवचाच्या विटा असतात, म्हणून लोक सरसकट टी-९० लिहून मोकळे होतात. पण त्या सुट्या, लहान डब्यांसारख्या, शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. हे कवच पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं. कोन्ताक्त-५ची पाचर सलग आणि जाड. शिवाय भीष्मच्या पट्ट्यावर लोंबणाऱ्या झाकणाला (स्कर्टला) पुढच्या भागात तीन मोठे चौकोनी तुकडे असतात.

समोरचा भाग जाळीने किंवा झाडपाल्याने झाकला असेल तर छताकडे जा. अजेयच्या कमांडरची १२.७ मिमी मशीनगन उघड्या माउंटवर असते, चालवायला झाकण उघडून बाहेर यावं लागतं. टी-९०ची आतून चालते. टी-९०च्या बुरुजाच्या मागच्या अंगाला वाऱ्याचा वेग मोजणारी बारीक काठीही असते, पण लांबच्या फोटोत तिच्यात आणि अँटेनात गल्लत होते, त्यामुळे एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.

धातुकाम

मॉडेलपुरतं सांगतो. लाल दिवे बसवू नका. ते ‘श्तोरा’ या रशियन यंत्रणेचे आहेत आणि भारताने घेतलेल्या टी-९०एसवर ती नाही. मात्र दिव्याचा भाग नुसता गाळला की तोफेशेजारी खिंडार राहतं. भीष्मवर ती जागा कवचाच्या विटांनी भरलेली आहे. समोरून काढलेला फोटो शेजारी ठेवून ०.५ मिमीच्या स्टायरीन पत्र्यातून तुकडे कापा. आधी कागदाचा साचा करून बसवून बघा, कारण पाचरीला दोन दिशांचा उतार आहे आणि थेट प्लास्टिक कापलं की हमखास वर फट राहते.

बुरूज कोणता घ्यायचा हेही आत्ताच ठरवा. रशियाशी झालेल्या २००१च्या करारातले ३१० रणगाडे आले (१२४ रशियातून तयार, बाकीचे चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात जोडलेले), त्यातल्या सुरुवातीच्या काहींचा बुरूज ओतीव, गोलसर आहे. नंतरच्यांचा जोडकामाचा, मागून कोनदार. पुढचा भाग कवचाने झाकल्यामुळे फरक मागूनच कळतो. किटमधला बुरूज एका प्रकारचा आणि संदर्भाचा फोटो दुसऱ्याचा, ही चूक प्रदर्शनात ठेवलेल्या मॉडेल्सवरही दिसते.

तोफेच्या नळीचं माप ताडून घ्या. नळी ४८ कॅलिबरची, म्हणजे लांबी भोकाच्या व्यासाच्या ४८ पट, १२५ × ४८ = ६००० मिमी. १/३५ला साधारण १७१ मिमी, आणि तोंडाचं भोक ३.६ मिमी. यात तोफेचा बुरुजात लपलेला भागही आला, तेव्हा बाहेर दिसणारी नळी कमीच भरेल. किटची नळी दोन अर्ध्या तुकड्यांची असेल तर शिवण घासताना ती अंडाकृती होते. पॉलिश पेपर नळीभोवती गुंडाळून फिरवत घासा, लांबीच्या दिशेने ओढू नका. लेथवर कातलेली अॅल्युमिनियमची नळी मिळाली तर उत्तम.

रंग: वाळूच्या रंगावर गडद हिरवे पट्टे. संचलनातली गाडी नुकती रंगवलेली असते. तिच्यावर चिखल-गंज चढवला आणि खाली ‘कर्तव्य पथ’ लिहिलं तर हसं होईल.

तारेवरची_कसरत

लाल डोळ्यांचं काम लोक चुकीचं समजतात. ते शत्रूचे डोळे दिपवायचे दिवे नव्हेत.

मिलान, कोन्कुर्स या जातीच्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या शेपटीला एक ज्योत असते. डागणारा माणूस दुर्बिणीची फुली लक्ष्यावर धरून बसतो. शेजारचं यंत्र ती ज्योत बघतं, फुलीपासून ती किती सरकली ते मोजतं आणि मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून सुधारणा पाठवतं. श्तोराचा दिवा तशाच इन्फ्रारेड प्रकाशाची खोटी ज्योत दाखवतो. यंत्र त्या दिव्यालाच क्षेपणास्त्र समजतं आणि खऱ्याला भलतीकडे वळवतं. यावर उतारा म्हणून मिलान-३मध्ये साध्या ज्योतीऐवजी ठरावीक ठेक्यात लुकलुकणारा दिवा आला.

तारेचे प्रश्न वेगळेच. पल्ला तारेच्या लांबीइतकाच, मिलानला २ किमी, कोन्कुर्सला ४. मध्ये पाणी असेल आणि तार त्यात पडली तर संदेश बिघडतो. विजेच्या तारा, काटेरी झुडपं, उंच कुंपण यांवरून मारा करायचा तर तार अडकण्याची किंवा तुटण्याची भीती. आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे ४ किमीला वीसेक सेकंद. तेवढा वेळ माणूस एका जागी, फुली धरून. समोरच्याला धूर दिसला की तो पहिला गोळा त्याच दिशेला टाकतो.

आपल्या देशी ‘नाग’ क्षेपणास्त्राला हे सगळं नाही. सुटण्याआधीच त्याच्या नाकातला इन्फ्रारेड कॅमेरा लक्ष्याचं चित्र पकडतो, नंतर डागणारा मोकळा. पण त्याचं दुखणं उन्हाळ्यात दिसलं. राजस्थानात भर दुपारी वाळू तापून रणगाड्याइतकीच गरम झाली की चित्रात दोन्ही एकसारखे. चाचण्यांत ४ किमीऐवजी अडीच-तीन किमीवरच लक्ष्य नीट पकडता येत होतं, म्हणून अधिक संवेदनशील सीकर (नाकातला लक्ष्य शोधणारा भाग) करावा लागला. थर्मल म्हणजे सगळं दिसतं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दिसतो तो तापमानातला फरक, तापमान नव्हे.

सव्वाशेमिमी

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

तोफ तीच असली तरी नळी म्हणजे फक्त दरवाजा. टी-९०चं ‘इन्व्हार’ क्षेपणास्त्र (९एम११९एम, आपल्याकडे भारत डायनॅमिक्स म्हणजे बीडीएल बनवतं) लेझरच्या झोतावर स्वार होऊन जातं. गनरच्या १जी४६ दुर्बिणीतून सांकेतिक लेझर झोत निघतो. क्षेपणास्त्राच्या शेपटीतला ग्राहक मागे वळून त्या झोताकडे बघतो, आपण झोताच्या मध्यापासून किती वर-खाली, डावी-उजवीकडे आहोत ते ओळखतो आणि पंख हलवून मध्यावर येतो. अजेयची टीपीडी-के१ दुर्बीण लेझरने अंतर मोजते, पण असा झोत टाकत नाही. मग क्षेपणास्त्र नळीतून सुटलं तरी आंधळंच. अजेयला ही सोय द्यायची म्हणजे दुर्बीण आणि तिच्यामागची सगळी इलेक्ट्रॉनिक्स बदलायची.

श्तोराचे दिवे इन्व्हारसारख्यावर का चालत नाहीत, तेही यातच आलं. ग्राहकाचं तोंड मागे आहे, लक्ष्यावर कोणता दिवा लागलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दाट धुराने झोत अडला किंवा गनरची फुली ढळली तरच गडबड.

स्वयंचलित भरणीत ते बसावं म्हणून इन्व्हारही दोन तुकड्यांत येतं: पुढे क्षेपणास्त्र, मागे ते बाहेर ढकलायला कमी ताकदीचं दारू-भांडं. जमिनीलगतच्या गोल फिरत्या चकतीत २२ जागा, त्यातच गोळे आणि त्यातच हे. (टी-७२ घराण्याचा बुरूज उडालेले फोटो दिसतात त्याचं मूळही इथेच. दारूगोळा माणसांच्याच डब्यात, एक पेटला की सगळा.)

मग साधा गोळा असताना हा खटाटोप कशाला? बाणासारखा भेदक गोळा सेकंदाला सुमारे १७०० मीटर वेगाने निघतो, २ किमीला सव्वा सेकंदाच्या आसपास. या अंतरात क्षेपणास्त्र वापरणं म्हणजे शेजारच्या गल्लीत विमानाने जाणं. पण पल्ला वाढला की गोळ्याचा वेग, म्हणजेच भेदण्याची ताकद, घटते आणि वारा, नळीची उष्णता, अंतराची चूक सगळं साठत जातं. क्षेपणास्त्राला ५ किमीला सतरा-अठरा सेकंद लागतात, पण वाटेत ते स्वतःला सुधारत राहतं. शिवाय त्याची भेदकता वेगावर नाही, पुढच्या टोकाच्या तांब्याच्या शंकूतून स्फोटाने निघणाऱ्या धारेवर आहे. ती १ किमीवर जेवढी, तेवढीच ५ किमीवर.

अर्जुनचं वेगळं. तिथे इन्व्हार नाही, ‘सामहो’ हे देशी क्षेपणास्त्र. पुण्यात पाषाणच्या एआरडीईने एचईएमआरएल आणि डेहराडूनच्या आयआरडीईच्या मदतीने केलेलं (तिन्ही डीआरडीओच्या प्रयोगशाळा). २२ सप्टेंबर २०२०ला अहिल्यानगरच्या के. के. रेंज या लष्करी चाचणी मैदानावर अर्जुनमधून ३ किमीवरचं लक्ष्य टिपलं, १ ऑक्टोबरला त्याहून लांबचं, आणि ४ ऑगस्ट २०२२ला तिथेच पुन्हा चाचणी झाली. पल्ला दीड ते ५ किमी. यात लेझर लक्ष्यावर पाडतात आणि क्षेपणास्त्राचं नाक परतलेला प्रकाश शोधतं. इन्व्हार मागे बघतं, सामहो पुढे.

किमान पल्ला दीड किमी का, असा पुढचा प्रश्न येणारच. नळीतून बाहेर पडलं, पंख उघडले, उड्डाण स्थिरावलं, नाकाने ठिपका पकडला आणि मग वळण घेतलं, एवढ्या गोष्टींना अंतर लागतं. त्याच्या अलीकडे तोफ आहेच.

मधलीसुट्टी

जबरदस्त! एक शंका. अर्जुनच्या नळीला आतून आटे आहेत ना? मग क्षेपणास्त्र गरगर फिरणार नाही का?

सव्वाशेमिमी

बरोबर पकडलंत. अर्जुनची १२० मिमी तोफ आट्यांची आहे, कारण हेश गोळ्याला (चिलखतावर चपटा होऊन फुटणाऱ्या) फिरकी हवी असते. पण तांब्याच्या धारेला फिरकी मारक. फिरत्या शंकूतली धार बाहेर फाकते आणि भेद उथळ होतो. बाणासारख्या गोळ्यालाही फिरकी नकोच. म्हणून अशा गोळ्यांवर घसरती कडी बसवतात. कडी आट्यांत अडकून फिरते, आतला गोळा जवळजवळ सरळ जातो. टी-९०ची नळी आतून गुळगुळीत, तिथे हा प्रश्नच येत नाही.

बुरूजबंद

फोटोवरून मापं काढणार असाल तर टी-७२ घराण्याचं चाक हीच पट्टी. व्यास ७५० मिमी. बरोबर बाजूने काढलेल्या फोटोत चाक ७५ पिक्सेल भरलं तर १ पिक्सेल म्हणजे १ सेंमी. मात्र या पट्टीने चाकांच्या रांगेतल्याच वस्तू मोजा. नळी गाडीच्या मध्यावर, चाकांपेक्षा दीड-पावणेदोन मीटर लांब असते. २० मीटरवरून काढलेल्या फोटोत ती त्यामुळे सुमारे ८ टक्के आखूड भरते, आणि मग किटची नळी लांब आहे म्हणून कंपनीच्या नावाने शंख होतो. टेलीलेन्सने लांबून काढलेला फोटो घ्या, चूक आपोआप घटते.

धागा_राखणदार

एक सूचना. संचलन, संग्रहालय आणि सरकारने प्रसिद्ध केलेले फोटो इथे चालतील. रेल्वेच्या वाघिणीवरून किंवा रस्त्याने चाललेल्या गाड्यांचे ताजे फोटो, गाडीचा क्रमांक, ठिकाण टाकू नका. प्रतिसाद उडवला जाईल.

नगरी_भेळ

चाकं मोजायचा सराव करायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा, १९९४पासून आहे. फलक न वाचता आधी चाकं बघायची. पाच चाकं आणि पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट, म्हणजे टी-५४/५५चं घराणं, चिनी टाइप ५९ही त्यातलाच. पाचच चाकं पण फटी मागच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्यात आणि चौथ्या-पाचव्यात, तर तो टी-६२चा नमुना. सहा चाकं जोड्याजोड्यांनी, तर सेंच्युरियन. पॅटनमध्ये एम-४७ आणि एम-४८ची गल्लत होते. एम-४७ला चालकाशेजारी, पुढच्या उतारावर मशीनगनचं गोल भोक असतं. एम-४८वर ते नाही, तो पाचवा माणूसच काढून टाकला.

गाड्या उघड्यावर उभ्या, तेव्हा सकाळी जा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की चाकांवर स्कर्टची काळी सावली पडते आणि फोटोत नेमकं मोजायचं तेच दिसत नाही.