कृष्णेत बोटुकली सोडून काय होणार? आधी डोह राखा

काठावरचा (धागाकर्ता)

दर पावसाळ्यात हा कार्यक्रम ठरलेला. घाटावर मांडव, फेटे, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. एकेका पिशवीला पाच-पाच हात, त्यातले दोन कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात 'नदीचे पुनरुज्जीवन'.

रोहू आणि कटला मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते पाळायला उत्तम, विकायला उत्तम, तक्रार नाही. पण त्यांना कृष्णेत सोडलं म्हणजे कृष्णा सुधारली, हे कुठलं गणित? शिवाय एक पोक्त मादी हजारांनी, काही जातींत लाखांनी अंडी घालते. आपल्या कोळस, वाम, मरळ, शिंगाड्याला अंड्यांची टंचाई कधीच नव्हती. प्रश्न बियाण्याचा नाही, रानाचा आहे.

वाळू उपसली, खाली चिखल राहिला. कपारी बुजल्या, तिथं वाम राहायची. काठ सरळ कापून दगड-सिमेंटची भिंत घातली, त्याला सुशोभीकरण म्हणायचं. मातीच्या उभ्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू बिळं करतात. सिमेंटमध्ये चोच घालून दाखवा म्हणावं.

माझं म्हणणं एवढंच. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या संगमापर्यंत चार-पाच जुने डोह निवडा. तिथं वाळू नाही, जेसीबी नाही, उन्हाळ्यात जाळं नाही, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं तोंड) नाही. काठाची सरकारी पट्टी मोकळी सोडा, तिथलं वाळुंज-करंज तोडू नका. बोटुकलीचे पैसे त्या डोहांच्या राखणीला द्या. बोला.

गळवाला कऱ्हाड

रोहू-कटल्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण सगळंच बीज सोडणं वाईट, हे पटत नाही. महासीरचं काय? लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार होतात. ती आणून कोयनेच्या वाहत्या पाण्यात सोडली तर बिघडलं कुठं? तुमचे डोह तयार व्हायला वीस वर्षं लागतील, तोवर मासाच उरला नाही तर डोहात काय पोहणार?

शिंपला

गळवाले, त्याच केंद्रातल्या माशांची एक गोष्ट ऐका. ती पिल्लं दक्षिणेत कावेरीतही नेऊन सोडली होती. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर वशिंड असलेला, अजस्र. बाहेरून आलेला निळसर परांचा महासीर तिथं वाढत गेला आणि वशिंडवाला दिसेनासा होत गेला. तो टॉर रेमादेवी या जातीचा आहे हे पक्कं व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. अशा घटनेची अनेक कारणं असतात, तिथंही धरणं आणि सुरुंग लावून मारलेले मासे होतेच. पण अभ्यासक या सोडलेल्या माशांकडे बोट दाखवतात. चांगल्या मनानं सोडलेला मासा होता तो.

गळवाला कऱ्हाड

अहो पण कावेरीत तो परका होता! आपल्याकडं तो घरचाच. दख्खनी महासीरची पहिली शास्त्रीय नोंद १८३९ ची, तीसुद्धा पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यातली. कावेरीचा दाखला इथं कसा लागू होतो?

काठावरचा

घरचा आहे हे मान्य. मग घरचे आधीचे का गेले, ते सांगा. महासीरला वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं आणि अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ लागतो. ऑक्टोबरात बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मे अखेरपर्यंत आपली नदी ही तळ्यांची माळ. त्यात चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया) सुखात राहते, महासीर नाही. ज्या पाण्यात आधीचा टिकला नाही त्याच पाण्यात नवा सोडायचा, म्हणजे त्याला मारायलाच आणलं.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात पाटावर नोकरी केली, आता निवृत्त. धागा वाचून थोडं हसू आलं, राग नाही.

धरणाआधीची कृष्णा बारमाही खळाळत होती, असं तुम्ही मंडळी धरून चालता. आमचे वडील सांगायचे, वैशाखात बायका गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या गावी जायच्या. आज उन्हाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली जे पाणी दिसतं ते टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी आणि पिण्यासाठी कोयनेतून सोडलेलं असतं. २०२३ च्या पावसाळ्यानंतर कोयनेतल्या विसर्गावरून सातारा-सांगलीत कशी जुंपली होती, आठवतंय ना? विसर्ग थांबला की इकडं पात्र उघडं. म्हणजे तुमचे मासे उसाच्या पाण्यावर जगतात. ऊस बंद करा म्हणाल तर आधी मासेच बंद होतील.

दुसरं, बरग्यांना उगाच झोडपू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा फायदाच हा की पावसाळ्यात बरगे काढले की नदी मोकळी. चढणीच्या, म्हणजे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशाला वाट मिळते. धोम-कोयनेच्या भिंतीवरून तो थोडाच चढणार आहे? खोडशीचा इंग्रजी अमदानीतला पक्का बंधारा हा वेगळा विषय.

काठावरचा

पाटकरी साहेब, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. वैशाखात गुडघाभर पाणी होतं, तरी मासे होते. कशामुळे? डोहांमुळे. नदी आटायची पण डोह आटत नसत. दोन-तीन पुरुष खोल, कपारीचे, वर झाडांची सावली. मासा चार महिने तिथं दबा धरून बसायचा आणि मृगाचं पहिलं लाल पाणी आलं की वर निघायचा. मी बारमाही खळाळत्या नदीचं नाव काढलेलंच नाही. मला तो उन्हाळ्यातला आसरा परत हवा आहे.

बरग्यांचंही तेच. काढले की वाट मोकळी, बरोबर. पण वळवानंतर जूनमध्ये पहिला लोंढा येतो तेव्हा बरगे निघालेले असतातच का? आणि वरची धरणं भरेपर्यंत पहिलं पाणी अडलेलं असतं. माशाला चढायचा इशारा त्या पहिल्या पाण्याचाच असतो.

पाटकरी

बरगे वेळेत काढायला हवेत, यावर वाद नाही. मजूर मिळत नाहीत, अचानक पाणी वाढतं, मग बरगे वाहून जातात आणि आम्ही शिव्या खातो. पहिल्या पाण्याचं मात्र तितकं खरं नाही. कऱ्हाडच्या खाली धरण नसलेलं पाणलोट क्षेत्र मोठं आहे, ओढ्यांचं पाणी येतंच.

२०१७ मध्ये हरित लवादाने म्हटलंय की कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत वाहतं ठेवा. कागदावर छान. आता कोयनेचं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी विजेसाठी पश्चिमेला कोकणात उतरतं. आधी त्यातलं किती इकडं वळतं ते विचारा, मग शेतकऱ्याकडं या.

उसाचं रान

वा, शेवटी कुणीतरी शेतकऱ्याचं नाव घेतलं.

काठावरचे साहेब, 'सरकारी पट्टी' कुठली ते जरा दाखवा. माझ्या सातबाऱ्यातली काठाची जमीन दर पुरात ढासळतीय. नदीनं खाल्लेल्या जमिनीचा शेतसारा मी भरतोय आणि तुम्ही राहिलेल्या काठावर झाडं राखायला सांगताय. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. २०२१ ला परत तेच. आम्हाला नदी खोल आणि मोकळी पाहिजे. पात्रातली झुडपं-बेटं काढा. मासा नंतर बघू.

आणि मगरींचं कोण बोलणार? औदुंबर, भिलवडी, डिग्रज, ब्राह्मणाळ, कुठंही विचारा. मोटार चालू करायला पहाटे काठावर जाताना जीव मुठीत असतो. माणसं गेलीत, पोरं गेलीत. तुमच्या डोहात मासा वाढला की मगर वाढणार. मग वनखात्याचा बोर्ड लागणार, 'पाण्यात उतरू नये'. नदी कुणाची मग?

शिंपला

मगरींची भीती खरी आहे, त्यावर कुणी शहाणपणा शिकवू नये. पण एक बघा, ती अंडी घालते काठाच्या मऊ मातीत-वाळूत, उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि पावसाच्या आधी पिल्लं बाहेर येतात. काठाची वाळू गेली, दरड कापली, की ती आत सरकते. उसात सापडलेल्या पिल्लांच्या बातम्या का येतात? नदीला काठ असेल तर मगर काठावर, नाहीतर तुमच्या सरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती, हलवायची म्हटलं तरी कुठं हलवणार?

जमीन ढासळण्याचं उलट आहे असं मला वाटतं. वाळुंज, करंज, उंबर यांच्या मुळ्यांनीच दरड धरलेली असते. ती तोडून नांगर थेट काठापर्यंत नेला, खालून वाळू उपसली, मग पाण्यानं काय करावं?

माझी स्वतःची आवड शिंपल्यांची, म्हणून हे नाव. नदीतल्या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मगच तळाशी पडतात. ठरावीक मासा नाही तर शिंपलाही नाही. आणि नदीसुरय हा पक्षी वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. 'बेटं काढा' म्हणताना हे असं सगळं निघतं.

उसाचं रान

मुळ्या दरड धरतात हे साध्या पाण्याला खरं. ५७ फुटांच्या पाण्यात उंबर मुळासकट गेलेला मी बघितलाय, जाताना शेजारची दोन गुंठे घेऊन गेला. पुस्तकातला पूर आणि आमचा पूर यात फरक आहे ताई.

भोईआळी

मी मोबाईलवर लिहितोय, चुकभूल समजून घ्या.

आमच्या आज्यापास्नं नदीवर जाळं हाय. इथं सगळे शिकलेले दिसताय, पण डोहावर उन्हाळ्यात जाळं नको म्हणणाऱ्यानं आमच्या घरी येऊन चूल बघावी. पावसाळ्यात पाणी मोठं असतंय, जाळं टाकता येत नाय. आमची कमाई ती उन्हाळ्याचीच, आणि ती डोहावरचीच. तुमी जून-जुलै बंद करा, समुद्रात करत्यात तसं. आमी हूं का चूं करणार नाय. पण फेब्रुवारी ते मे डोह बंद म्हंजे आमी बंद.

मासा आमी संपवला नाय. मरळ पिल्लं घिऊन फिरती तवा तिला हात लावायचा नाय ही आमची रीत. पाण्यावर शेंदरी ठिपक्यांचा घोळका सरकताना दिसतोय, मधूनच सगळी एकदम श्वास घ्यायला वर येत्यात, बुडबुड बुडबुड आवाज येतोय. खाली आई आणि बाप दोघंबी असत्यात. आता हौशी पोरं बरोबर त्या शेंदरी घोळक्यात गळ फेकत्यात. का तर आई झडप घालणार हे म्हाईत असतंय. आई गेली की पिल्लं एका सांजेत संपली. गळवाले दादा, तुमच्या मंडळींना आधी हे सांगा. महासीर नंतर सोडा.

आणि आता जाळ्यात काय येतंय? चिलापी. पुरात कुणाच्या तळ्यातला परदेशी मांगूर सुटतोय, त्यो बी येतोय. विकायला बंदी हाय म्हणत्यात, नदीला कुठं म्हाईत.

गळवाला कऱ्हाड

भोईदादा, पिल्लांवरच्या मरळीवर गळ टाकणारे आमच्यात आहेत, नाकारत नाही. आमच्या ग्रुपवर तसा फोटो टाकला की काढायला लावतो. त्यापलीकडं आमच्या हातात काय?

महासीरचं मी सोडलेलं नाही. महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड बघून या. देवीचे मासे म्हणून लोक राखतात, डोहात महासीर हाताएवढ्या अंतरावर दिसतात. तिथं ना खातं, ना योजना. लोकांनी मनावर घेतलं तर होतं.

काठावरचा

वाळणकोंड म्हणजे राखलेला डोहच की हो! तिथं कुणी बोटुकली ओतत नाही.

भोईदादा, तुमचा मुद्दा मला अडवतो आहे आणि अडवायलाच हवा. सगळे डोह सगळा उन्हाळा बंद, हे चालणार नाही. पण एका टापूतल्या तीनपैकी एक डोह राखीव, तो कुठला ते तुमच्या सोसायटीनं ठरवायचं, आणि राखणीचा पगारही तुमच्याच माणसांना. बोटुकलीच्या ठेक्याचा पैसा तिथं वळवायचा. पोटाला चिमटा बसू नये एवढा मिळाला पाहिजे, नाहीतर मीसुद्धा विरोध करीन.

उसाचं रान

आणि माझी मोटार? डोहातच पाइप सोडलाय, कारण बाकी नदीत मे महिन्यात पाणी नसतं. दुसरीकडं न्यायचा म्हटला तर वाढीव पाइप, केबल, परवानगी. तो खर्च कुठल्या ठेक्यातून?

पाटकरी

सामाईक जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) केली तर दहा मोटारींचं काम एका ठिकाणाहून होतं, ती डोहाबाहेर घेता येते. लिफ्ट सोसायट्या तशाच चालतात. पण दहा शेतकरी एका सहीवर आणणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं, ते आधीच सांगून ठेवतो.

भोईआळी

राखणीचं बोला, आमी ऐकतो. पण एक राहिलंच. साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी आलं की राखीव बी जातोय आणि बिगर राखीव बी. पाऊस पडायच्या आधी ओढ्यात साठलेलं एकदम खाली येतंय, पहाटं मासा वर तोंड काढून तडफडाय लागतोय. कोळस, शिंगाडा पहिल्यांदा. मरळ टिकती, ती वरनं हवा घिती. दुपारी लोक पोती भरून नेत्यात. सायब लोक बाटल्या घिऊन येत्यात संध्याकाळी नायतर दुसऱ्या दिशी. तवर ते पाणी म्हैसाळच्या फुडं गेल्यालं असतंय. मग अहवालात पाणी बरं निघतंय आणि मासा कशानं मेला ते कुणालाच कळत नाय.

शिंपला

यावर करता येण्यासारखं आहे. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पाण्यात बुडवलं की आकडा दिसतो. लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बरेच मासे अडचणीत येतात. प्रत्येक डोहाच्या राखणदाराकडं एक द्यायचं आणि पहाटे नोंद करायची. बाटली येईपर्यंत थांबायचं कशाला?

भोईआळी

आमच्या नोंदीला सरकार इचारतंय का? पंचनाम्यावर आमच्या सोसायटीची सही घेणार असाल तर उद्या पास्नं वही घालतो.