मूठभर कणीक : सायकल, वाद्य आणि वाटेतली माणसं (अनुभव धागा)

पखवाज_आणि_पॅडल

आज संध्याकाळी समोरच्या देवळात भजन आहे. सात वाजता दार वाजलं, बघतो तर आठवी-नववीतला पोरगा. "काकू, मूठभर कणीक देता का? पखवाजाला लावायचीय." बायकोने पोळ्यांसाठी भिजवलेल्या गोळ्यातून तोडून दिली आणि माझ्याकडे बघून हसली. तो गेला आणि मी फोन घेऊन लिहायलाच बसलो.

नर्मदा परिक्रमा मी सायकलवर केली, पखवाज घेऊन. कॅरियरवर आडवा, जुन्या गोधडीत गुंडाळलेला, वरून प्लॅस्टिक आणि फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला, मैया कायम उजव्या हाताला. मध्ये आपल्या नंदुरबारचा पट्टा, पुढे गुजरात, विमलेश्वरहून नावेने मिठीतलाईला आणि मग उत्तर तटाने परत वर अमरकंटककडे.

ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: उजव्या तोंडाला शाई, म्हणजे काळा लेप, कायमची असते, पण डाव्या तोंडाला, धुमेला, दर वेळी ओली कणीक थापावी लागते. तरच तो खर्ज घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढायची. म्हणजे रोज मुक्कामाला पोचलं की पहिलं काम कणीक मागण्याचं.

बडवानीच्या अलीकडे एका गावात एका म्हाताऱ्या मैयाजींकडे मागितली. ढोलकाला लावायला पीठ हवं, हे त्यांना पटेना. त्यांना वाटलं बाबाजी भुकेला आहे, लाजतोय. आधी दोन रोट्या आणि मिरचीचा ठेचा खायला लावला, मग गोळा दिला. रात्री धर्मशाळेत मी बसलो तर या काठी टेकत हजर, आपलं पीठ खरंच कुठे जातंय ते बघायला. धुमेवर मी थापलेली कणीक बोटाने दाबून पाहिली आणि मान हलवली. फार सैल आहे म्हणाल्या. ती काढली, कोरडं पीठ लावून हातावर घट्ट मळली आणि परत दिली. त्या रात्री पखवाज जसा बोलला तसा आधी बोलला नव्हता. तेव्हापासून मी कणीक तशीच घट्ट लावतो.

भरूचच्या पुढे एका बाजाराच्या गावात पखवाजाची वादी, तोंडं ताणून धरणारी कातड्याची पट्टी, तुटली. खाडीतला खारा वारा, वर उन्हात वाळलेलं चामडं. चपला शिवणाऱ्या एका काकांनी कातड्याची लांब पट्टी कापली, पाण्यात भिजवली, तेल चोळलं. एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्यांच्या. पखवाजाच्या लाकडी गठ्ठ्यांवरून ओढत ओढत दिवे लागायची वेळ झाली. तोवर त्यांच्या दुकानासमोर गिऱ्हाईकं थांबून होती, एकही कुरकुरलं नाही. पैसे घेतले नाहीत. "इथेच वाजव" म्हणाले. वाजवलं.

तुमचेही अनुभव लिहा. वाद्य नसलं तरी चालेल, सायकल नसली तरी चालेल.

जुईची_आई

आमचं माहेरचं घर विठ्ठल मंदिरासमोर. सप्ताह असला की आजी कणीक भिजवताना पहिला गोळा मृदंगाचा म्हणून बाजूला ठेवायची, वाटीवर ओलं फडकं टाकून. कुणी न्यायला आलं नाही तर स्वतः नेऊन द्यायची. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

घाटवाट

दादा, पखवाजाचं वजन किती? आणि कॅरियर कुठलं? माझं सिन्नर घाटात तुटलं होतं तेही नुसत्या कपड्यांच्या ओझ्याने.

पखवाज_आणि_पॅडल

@घाटवाट लोखंडी, दूधवाल्यांच्या सायकलला असतं ते. बाजारातलं हलकं कॅरियर घेऊ नकोस. आणि वाद्य आडवंच बांध, उभं ठेवलं की उतारावर सायकल ओढते.

पांढरी_तीन

बागमांडल्याहून वेशवीला शेवटच्या बोटीने उतरलो तेव्हा अंधार पडायला आलेला. माझ्याकडे बासऱ्या, प्लंबरच्या दुकानातून कापून आणलेल्या पीव्हीसी पाईपात, दोन्ही बाजूंना बूच. हा पाईप हँडलपासून सीटखालपर्यंत बांधलेला, त्यामुळे वाटेत प्रत्येक जण विचारायचा. एका नाक्यावर हवालदारसाहेबांनी उघडायला लावला. बासऱ्या बघितल्यावर म्हणाले, "मग वाजव की." भूप राग वाजवला, त्यांनी चहा मागवला, पुढचा खड्ड्यांचा रस्ता कुठून टाळायचा तेही सांगितलं.

पण सांगायचंय ते केळशीच्या पुढच्या एका वाडीतलं. देवळात राहायला जागा मागितली. पुजाऱ्यांनी पाईप बघितला, बासरी म्हटल्यावर म्हणाले आज गुरुवार, आमचं भजन आहे, बसा आमच्यात. बुवा साठीचे, दिवसभर आंब्याच्या बागेत काम करून आलेले. त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीवरची काळी चार. माझी मोठी बासरी पांढरी तीन, बाकीच्याही कुठल्या जुळेनात. मी म्हटलं, मी ऐकतो, मला त्यातच आनंद आहे. बुवांनी पेटीवाल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज पांढरी तीन धर."

जे गातात त्यांना कळेल याचा अर्थ. काळी चारवर आयुष्य गेलेला माणूस एवढा खाली उतरला की खालचे स्वर पोटातून काढावे लागतात आणि वरचा सगळा दिमाख जातो. ज्या गजराला ते टिपेला जाऊन वाडी हलवत असणार, तो त्या रात्री त्यांनी मंद्रात म्हटला. सगळी वाडी समोर बसलेली. पोरं एकमेकांकडे बघत होती, आज बुवांना काय झालं म्हणून. त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही की या पाहुण्यासाठी.

जेवायला घातलं, अंथरूण दिलं, सकाळी पोहे दिले, ते सगळं आहेच. कोकणात आणि सगळीकडेच देतात माणसं. पण कुणी आपली पट्टी सोडून देतो हे मी आधी पाहिलं नव्हतं.

सुरपेटी

काळी चारवरून पांढरी तीन!!! अंगावर काटा आला. आमच्याकडे गवई अर्धी पट्टी खाली यायला तयार नसतात.

दापोलीवाला

@पांढरी_तीन कुठली वाडी? उंबरशेतच्या अलीकडे की पलीकडे? मला वाटतं मी ओळखतो बुवांना.

पांढरी_तीन

@दापोलीवाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. इथे नको, त्यांना आवडणार नाही.

चेन्नईतला_मराठी

कणकेवरून एक. इकडे मृदंगमच्या डाव्या तोंडाला, तोप्पीला, रवा लावतात, पाण्यात भिजवून. कचेरी, म्हणजे मैफल, संपली की खरवडतात. मी इथे नवीन असताना शेजारचे मृदंगमवाले मामा रोज संध्याकाळी आमच्याकडे रवा मागायचे, त्यांच्या घरचा कायम संपलेला. मग कळलं की आम्ही मराठी, शिरा-उपम्याला बारीक रवा आणतो, तो त्यांना आवडायचा. अजून दर दसऱ्याला त्यांच्याकडे सुंडल खायला जातो आम्ही. सायकल नाही यात, माफी असावी.

घाटवाट

विषय निघालाच आहे तर. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले. वाळवंटं, अनोळखी देश, फोन नाही, पैसे पाठवायची सोय नाही. जवळजवळ साडेचार वर्षं रस्त्यावर काढायची म्हणजे किती घरांची दारं उघडली असतील त्यांच्यासाठी. त्या घरांतल्या माणसांची नावं कुठेच नाहीत, ती शोधायला हवीत असं फार वाटतं मला.

मिताली_प

पखवाज दादा, एक शंका. कोरडं पीठ सोबत का नाही नेलंत? पाणी घातलं की झालं.

पखवाज_आणि_पॅडल

@मिताली_प होतं की. सदाव्रतात पीठ, डाळ, मीठ मिळतंच परिक्रमावासीला, पिशवी भरलेली असायची. तरी मी दारात जाऊन मागायचो. शिधा ओसरीवर मिळतो. भिजवलेली कणीक मागितली की माणूस चुलीपाशी जातो. तिथे बसलं की बोलणं निघतं, घरातलं कोण कुठे आहे, पाऊस कसा झाला, पोरगी कुठे दिली. आणि ज्या घरची कणीक, ते घर रात्री भजनाला येतंच. पहिल्या काही मुक्कामांत हे समजलं, मग पिशवीतल्या पिठाच्या रोट्या केल्या आणि कणीक मागतच गेलो.

जुईची_आई

^^ हे किती खरं आहे. आजीची वाटी आठवून डोळे भरून आले. कुकर झाला, आता पोळ्या.

लिंझवाली

मी देणाऱ्या बाजूने लिहिते. आमच्या शहरातून, ऑस्ट्रियातल्या लिंझमधून, डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग जातो, पासाऊहून व्हिएन्नाकडे. उन्हाळ्यात सायकलवाल्यांची रीघ असते. वॉर्मशॉवर्सवर मी नाव नोंदवलं होतं, सायकलवाल्यांना एक रात्र राहायला जागा द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत. एकदा एक अर्जेंटिनाचा अकॉर्डियनवाला आला, चिंब भिजून. वाद्य कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत, एकावर एक, आणि स्वतःच्या अंगावर रेनकोट नाही. तो वाद्यावर घातलेला.

मुगाची खिचडी, तूप, पापड. तीनदा वाढून घेतली. मग वाद्य पुसून जमिनीवर चादर अंथरून ठेवलं, भाता उघडून वाळू दिला आणि दोन तास त्याला हात लावला नाही. मला वाटलं आता वाजवेल, पण नाही म्हणाला, ओल्या भात्यावर ताण द्यायचा नाही. सकाळी वाजवला. टँगो होता बहुतेक.

जाताना तो माझे आभार मानत होता आणि मला कसं सांगावं कळत नव्हतं. इथे येऊन वर्ष होत आलं होतं आणि माझ्या टेबलावर बसून जेवलेला तो पहिला माणूस होता. माझ्या सायकलचा मागचा ब्रेकही करून गेला.

सुरपेटी

@लिंझवाली घट्ट मिठी. त्याने भाता वाळू दिला हे फार आवडलं. पेटीवाले पण असंच करतात, पावसाळ्यात आमची पेटी बल्बच्या उबेला ठेवायचो.

मंगळवेढ्याची_ज्वारी

आमच्याकडचे भोपळे मिरजेला जातात, तंबोरे आणि सतारी करायला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्या शिवारातही आनंद झाला, कारण निम्मं वाद्य आमच्या रानात वाढतं. कडू असतो भोपळा, खायचा नाही. वेलावरच पिकवून वाळवायचा.

काकांचा तंबोरा दुरुस्तीला न्यायचा होता, एसटीत गर्दीत फुटेल म्हणून चुलतभाऊ आणि मी सायकलवर निघालो, तो पाठीला बांधून. सांगोल्याच्या पुढे वारं असं की पाठीवरचा भोपळा शिडासारखा ओढायचा. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं काय आहे. वाद्य म्हटल्यावर केबिनमध्ये स्वतःच्या झोपायच्या फळीवर तंबोरा ठेवला, आम्हाला सायकलींसकट मागे घेतलं. क्लीनर पोरगा मिरज येईपर्यंत हात लावून बसला होता, खड्ड्यात उसळू नये म्हणून. मिरजेत ज्यांच्याकडे दिला त्यांनी दुकानातच झोपायला जागा दिली. चारी बाजूंना टांगलेले भोपळे आणि पॉलिशचा वास. झोप अशी लागली की बस्स.

पोस्टमनचीमुलगी

वाचतेय सगळं. आमचे बाबा सायकलवर पेटी बांधून गावोगाव भजन शिकवायला जायचे, नोकरी सांभाळून. पैसे कधीच घेतले नाहीत, पण घरी तांदूळ, शेंगा, गूळ कुठून कुठून यायचं. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत एक अनोळखी गृहस्थ शेंगांचं पोतं ठेवून गेले, "सरांचं" म्हणून. बाबा सर नव्हते, पोस्टमन होते.

घाटवाट

@पोस्टमनचीमुलगी __/\__

मिताली_प

__/\__ शब्द नाहीत ताई.

आळशी_मांजर

गरुडेश्वर लागलं का दादा वाटेत? टेंबे स्वामींची समाधी. माझे आजोळ माणगावचे, स्वामींच्या जन्मगावचे, म्हणून विचारलं.

पखवाज_आणि_पॅडल

@आळशी_मांजर लागलं, उत्तर तटावर. १९१४ साली स्वामींनी तिथेच देह ठेवला. मराठी बोलणारी माणसं भेटली आणि स्वामींनी रचलेली करुणात्रिपदी, दत्ताची प्रार्थना, सगळ्यांबरोबर म्हणायला मिळाली. मी पखवाज धरला, कणीक स्वयंपाकघरातून एका मावशींनी न मागता आणून दिली, धुमेकडे नजर गेली होती त्यांची. माहेर सावंतवाडीकडचं निघालं.

आळशी_मांजर

वाटलंच मला!! आमच्याकडच्या बायांना पखवाज कळतोच.

घाटवाट

डिसेंबरात मी रेवस ते रेडी, कोकण किनाऱ्याने, सायकलवर करायचं म्हणतोय. मित्र ढोलकी घेणार होता, हा धागा वाचून पखवाज म्हणायला लागलाय. प्रश्न दोन. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तिन्ही बोटी सायकल घेतात ना? आणि कोकणात घरोघरी तांदळाची भाकरी, तिथे कणीक कोण देणार?

दापोलीवाला

घेतात तिन्ही. वाद्य वरच्या मजल्यावर स्वतःजवळ ठेव, खाली गाड्यांमध्ये नको. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नकोस, भरती-ओहोटीवर पुढेमागे होतं. वेळ आदल्या मुक्कामी विचारून घे.

पांढरी_तीन

कणकेची काळजी करू नको. वाडी तिथे भजनी मंडळ आहे, पखवाजवाल्याच्या घरी गव्हाचं पीठ असतंच. त्याचं घर विचारत जा. जेवायला मात्र भाकरी मिळेल आणि कुळथाचं पिठलं.

जुईची_आई

पोळ्या झाल्या. @घाटवाट अलिबागवरून जाणार असाल तर आमच्याकडे उतरा, रेवसपासून फार लांब नाही. मित्राला सांगा पहिल्या दिवसाची कणीक माझ्याकडून, घट्ट मळून ठेवते.