सगळ्यांची दुसरी पसंती

वर कुणीतरी म्हटलंय की ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणजे सर्वाधिक मतं पडलेला चित्रपट. तसं नाहीये हो. शेवटच्या फेरीत बाकी विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकतो, पण या एका विभागात 2009 सालच्या चित्रपटांपासून मतदार पसंतीक्रम लावतात. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसली, तर तळाचा चित्रपट बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. म्हणजे थोड्यांनी डोक्यावर घेतलेला आणि बाकीच्यांना न झेपलेला चित्रपट मागे राहतो, कुणालाच न खुपणारा पुढे सरकतो. 2019 मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर ‘रोमा’ला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘ग्रीन बुक’, हे मला तरी त्यातलंच वाटतं. (मतांचे आकडे जाहीर करत नाहीत, तेव्हा पैज नको!)

म्हणून मला आपल्या इफ्फीचा, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, सुवर्ण मयूर हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार जास्त भावतो. मोजकी ज्युरी असते, चुकली तरी ठामपणे चुकते. शिवाय स्पर्धेतले सिनेमे निकालाआधी पणजीत आपल्यालाही बघता येतात, रांगेत उभं राहून तावातावाने भांडता येतं. ऑस्करच्या यादीतले बरेचसे इथे थिएटरला लागेपर्यंत निकाल जुना झालेला असतो.